सराईची गोष्ट

"पुट अप विथ," टेकाळे सरांनी हातातल्या कागदावरून वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा आणि मग उगम."

समोरच्या पद्मिनी कोळेकर खुर्चीत जरा पुढे सरकल्या. सहन करणे, चालवून घेणे, असा अर्थ त्यांनी सांगितला. वाक्य केलं तेही पुस्तकातलं नाही. आमच्या शाळेचं छप्पर गळतं आणि गेली सात वर्षं आम्ही ते चालवून घेतोय, असं त्यांनी सरळ इंग्रजीत सुनावलं. मग नुसत्या 'पुट अप'चे अर्थ घेतले. तंबू ठोकणं, भिंतीवर कागद लावणं, पाहुण्याची राहायची सोय करणं, भाव वाढवणं. प्रत्येकाला एकेक वाक्य, आणि एकही अडखळलेलं नाही. मला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी इंग्रजी बोलत होतं, नाहीतर नुसती पाठांतरं चालली होती.

"छान. आता उगम," टेकाळे सर म्हणाले.

"उगमाची ती सराईची गोष्ट सांगतात ना सर, ती खोटी आहे."

टेकाळे सरांचा चष्मा आपोआप नाकावर उतरला. माझं पेन कागदावर थांबलं ते थांबलंच.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातली दुपार, एका हायस्कूलचा चित्रकलेचा वर्ग, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. आमच्या जिल्ह्यासाठी एक इंग्रजी मार्गदर्शक निवडायचा होता. सहा तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवावं हे त्याने शिकवायचं. जागा एक आणि उमेदवार अकरा. निवड समितीत आम्ही तिघं होतो. अध्यक्ष प्राचार्य उद्धवराव टेकाळे, शिक्षण खात्याच्या विस्तार अधिकारी नफिसा मुजावर, आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी, दिनकर खंडागळे, अध्यापक महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा.

कोळेकर बाई एकोणीस वर्षं खडकी वस्तीच्या दोनशिक्षकी शाळेत होत्या. या जागेसाठी त्यांनी आधी दोनदा अर्ज केला होता. वयाची अट पंचेचाळीस, आणि बाईंना जुलैत पंचेचाळीस पुरी होत होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. लेखी परीक्षेत त्या पहिल्या आलेल्या, दुसरे शिंगटे नावाचे गृहस्थ दोन गुणांनी मागे. तोंडी परीक्षा सुरळीत झाली असती तर जागा बाईंचीच होती.

आणि बाई म्हणत होत्या, गोष्ट खोटी आहे.

कोणती गोष्ट? तीच, जी सकाळपासून आठ जणांनी आम्हाला ऐकवली होती. जुन्या काळी इंग्लंडात प्रवासी सराईत उतरायचे. खाटा कमी, माणसं जास्त. मग सराईचा मालक दोन अनोळखी माणसांना एकाच खाटेवर 'पुट अप' करायचा, म्हणजे त्यांची सोय लावायचा. ज्याच्या 'विथ' झोपायचं त्याचं घोरणं, त्याच्या लाथा, त्याच्या पायमोज्यांचा वास, सगळं सकाळपर्यंत सोसायचं. म्हणून पुट अप विथ म्हणजे सहन करणं. शिंगट्यांनी तर घोरून दाखवलं होतं. टेकाळे सर पोट धरून हसले होते, आणि त्यांनी मॉडेल उत्तराच्या कागदावर बोट ठेवून मला पाचपैकी पाच लिहायला सांगितले होते. मीही निमूट लिहिले.

निमूट का, ते आता सांगून टाकतो. ती सराई मीच बांधलेली होती.

त्या दुपारच्या चौदा वर्षं आधी तात्या पोफळे नावाच्या प्रकाशकांनी इंग्रजी वाक्प्रचारांचं गाईड काढलं. पानावर एक वाक्प्रचार, त्याचे अर्थ, वाक्यं, आणि खाली चौकटीत उगमकथा. तात्यांनी चौकटी आधीच छापून घेतल्या आणि मजकूर मला भरायला दिला. माझ्यापाशी होता एक शब्दकोश आणि कॉलेजातल्या चार जुन्या टिपणवह्या. जिथे उगम सापडला तिथे लिहिला. जिथे सापडला नाही तिथे 'निश्चित उगम ज्ञात नाही' असं लिहून दिलं, तर तात्या खवळले.

"अहो सर, चौकट काढायची आणि आत लिहायचं माहीत नाही? लोक मला जोड्याने मारतील! भरा काहीतरी."

मी भरलं. छापखान्यात स्टुलावर बसून, खिळे जुळवणारा माणूस शेजारी ताटकळत उभा असताना भरलं. तेव्हा गंमतच वाटली हो. मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतंच. 'अनुभवी प्राध्यापक मंडळ' असं होतं, तेव्हाच्या बहुतेक गाईडांवर असायचं तसं. त्या मंडळात माझ्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. पण गाईड दणकून खपलं. शिक्षकांनी सराई टाचणवहीत उतरवली, टाचणवहीतून फळ्यावर गेली, फळ्यावरून शाळांच्या भिंतींवर रंगात रंगवली गेली. आता ती थेट निवड समितीच्या मॉडेल उत्तरात येऊन बसली होती.

"खोटी कशावरून?" टेकाळे सरांनी विचारलं.

"मीही वर्गात दहा वर्षं तीच सांगत होते, सर," बाई म्हणाल्या. "मग एका मुलीने विचारलं, बाई, तुम्हाला हे कोणी सांगितलं? मला उत्तर देता येईना. गाईडात आहे म्हटलं, तर ती म्हणे, गाईडला कोणी सांगितलं? मग मी मे महिन्यात पुण्याला बहिणीकडे जाऊन राहिले आणि ग्रंथालयात मोठा कोश काढून बघितला. सराईचा त्यात मागमूस नाही. पुट अप म्हणजे पूर्वी आत ठेवून देणं. तलवार म्यानात, वस्तू पिशवीत. त्यावरून अपमान आत ठेवून देणं, बाहेर न काढणं. 'विथ' पुष्कळ पुढे जोडलं गेलं. आपण नाही का म्हणत, पोटात घातलं? इंग्रज खिशात घालायचे, इतकंच."

किती स्वच्छ सांगितलं होतं! मला तर ते माहीतही नव्हतं. विषयतज्ज्ञ मी, आणि ज्या शब्दाची सराई बांधली त्याचा खरा उगम मला खडकी वस्तीच्या बाईंकडून कळत होता. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. कोणी सांगितला होता यांना हा उपद्व्याप?

"ते असेल हो कोशात," टेकाळे सर म्हणाले. "पण सराईची गोष्ट तुम्हाला येते की नाही?"

"येते, सर."

"मग सांगा ना. पाच गुण आहेत त्याला."

"या जागेवर निवड झाली तर मला सहा तालुक्यांतल्या शिक्षकांना सांगायचंय की ती गोष्ट शिकवू नका. मग आज इथे तीच सांगून जागा कशी घेऊ?"

टेकाळे सरांनी घंटी वाजवली. बाई नमस्कार करून बाहेर गेल्या. शेवटच्या उमेदवार त्याच होत्या.

दार लागताच टेकाळे सर म्हणाले, "शून्य लिहा."

"सर, मॉडेल उत्तरच चुकलंय," मी म्हटलं.

"कशावरून?"

"आत्ता सांगितलं ना बाईंनी. कोशात नाही ते."

"कोशात नाही म्हणून खोटं? कोशात आपल्या गावाचं नाव तरी आहे का? अहो, आठ जण एक सांगतात आणि एक बाई दुसरंच सांगते. मग चूक कोणाची?"

"आठही जणांनी एकाच गाईडातून उचललंय सर!"

"म्हणजे गाईड चांगलं असणार. नाहीतर आठ जण कशाला घेतील?" त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "कोणी लिहिलंय ते? अनुभवी प्राध्यापक मंडळाने. तुम्ही-आम्ही कोण त्यांना खोटं म्हणणारे?"

माझं डोकं तडतडायला लागलं. "मंडळ-बिंडळ काही नव्हतं सर. मी होतो."

"तुम्ही मंडळात होता?"

"मीच मंडळ. ती सराई, ती खाट, ते पायमोजे, सगळं माझ्या डोक्यातलं. तात्या पोफळ्यांची चौकट रिकामी राहत होती म्हणून लिहिलं."

टेकाळे सर हसायला लागले. "काय खंडागळे सर! गोष्ट गाजली म्हणून आता आपल्या नावावर करताय? मी परवाच एका शिबिरात ऐकलं, तिथल्या वक्त्याच्या एका मित्राने म्हणे ती सराई प्रत्यक्ष पाहिलीय. पाटी आहे तिथे."

"कशी असेल पाटी? सराईच नाही तर!"

"तुम्ही इंग्लंडला गेलात कधी?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला काय उत्तर द्यायचं? आपणच मारलेली थाप थाप आहे हे सिद्ध करायला माझ्यापाशी काहीही नव्हतं. खऱ्याला पुरावा लागतो हे मुलांना शिकवत आलो होतो. इथे खोट्याला आठ साक्षीदार होते आणि मला एकही नव्हता. मी चिडून पाणी प्यायलो, ते शर्टावर सांडलं.

मुजावर मॅडम टेबलावर पुढे झुकल्या. त्यांनी विचारलं, "सर, खरं सांगताय?"

"शपथेवर सांगतो."

"शपथ नको, लिहून द्या. सदर उगमकथा मी स्वतः रचलेली असून तिला आधार नाही. खाली सही. एवढा कागद जोडला की मॉडेल उत्तर बाद होतं. मी कोळेकर बाईंना पाच देते आणि टेकाळे सरही देतील. द्याल ना सर?"

"लिहून दिलं तर प्रश्नच मिटला," टेकाळे सर हसू आवरत म्हणाले.

मॅडमनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

दोन ओळी लिहायच्या होत्या. पण आमचे प्राचार्य त्या जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेसाठी माझी फाईल संस्थेच्या टेबलावर होती. महाविद्यालयातल्या माणसाने परवानगी न घेता गाईड लिहिलं, तेही दुसऱ्या नावाआड, आणि त्यात मनची माहिती घुसडली, हे सहीनिशी बाहेर आलं असतं तर चौकशी लागली असती. फाईल तिथेच बंद झाली असती. हे सगळं त्या कागदाकडे बघता बघता माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"तोंडी सांगितलं ते पुरे नाही का?" मी विचारलं.

मॅडमनी कागद परत ओढून घेतला. "नाही पुरत, सर," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

कोळेकर बाईंना उगमाचे शून्य मिळाले. शिंगटे तीन गुणांनी पुढे गेले. संध्याकाळी चारला निकाल दारावर लावला, खाली नेहमीची ओळ होती: हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे.

मी मागच्या जिन्याने सटकणार होतो, पण बाई जिन्यापाशीच उभ्या होत्या. डोळे कोरडे होते, आवाज मात्र बसला होता.

"सर, एक काम होतं तुमच्याकडे."

"बोला ना."

"त्या गाईडच्या मंडळाला मी तीन वर्षांपूर्वी पत्र लिहिलं होतं. सराईला आधार काय म्हणून. त्यांचं उत्तर आलं होतं." त्यांनी पिशवीतून एक आंतरदेशीय पत्र काढून माझ्या हातात दिलं. "हे बघा."

मी उघडलं. 'आपल्या जिज्ञासेचे मंडळास कौतुक वाटते. मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी इंग्लंडच्या वास्तव्यात सदर सराईची समक्ष पाहणी केली आहे. तरी शंका नसावी.' खाली 'मंडळाकरिता' आणि एक फराटा. अक्षर माझं होतं. तात्यांनी एका रविवारी चहा पिता पिता बाईंचं पत्र माझ्यापुढे टाकलं होतं आणि म्हणाले होते, कटकट आहे, दोन ओळी खरडून टाका. मी खरडल्या होत्या. पत्र लिहिणारी कोण, कुठली, हे मी वाचलंही नव्हतं. टेकाळे सरांनी ऐकलेला, इंग्लंडात सराई पाहून आलेला तो मित्र कुठून निघाला असेल, हेही मला तेव्हा उमगलं.

"हे ज्याने लिहिलं तो माणूस सापडला पाहिजे, सर," बाई म्हणाल्या. "त्याने आठ दिवसांत खरं लिहून दिलं तर माझी हरकत टिकेल. तुमच्या एवढ्या ओळखी आहेत. जरा बघाल?"

मी काय बोलायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तोंडातून निघालं, "बघतो."

"राहू द्या तुमच्याजवळ पत्र," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

ते आठ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. रोज सकाळी ठरवायचो, आज लिहून मॅडमना नेऊन देतो. रोज दुपारी काहीतरी निघायचं. एकदा तर अर्धा अर्ज लिहिला आणि संस्थेच्या सचिवांचा फोन आला, फाईल पुढे सरकलीय म्हणून. अर्ज फाडला. स्वतःचा इतका संताप यायचा की घरात कोणी साधं 'जेवायला चला' म्हटलं तरी मी अंगावर जायचो. बायको एकदा म्हणाली, "कोणावर चिडलाय ते तरी सांगा." काय सांगणार, कपाळ?

नवव्या दिवशी सकाळी कोळेकर बाई आमच्या महाविद्यालयात आल्या. सुट्टी असल्याने मी एकटाच होतो.

"पत्र परत न्यायला आले, सर."

मी खणातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. आता मुदत संपली होती, आता बोलून काही बिघडणार नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा माझी जीभ सुटली.

"बाई, हे अक्षर माझं आहे. पत्रही माझं, सराईही माझी."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" मी विचारलं.

"तोंडी परीक्षेत तुम्ही माझ्यासमोर बसून लिहीत होतात, सर. तीन वर्षांत ते पत्र मी शंभर वेळा वाचलंय. तुमची 'इ' आणि तुमची वेलांटी मला उलटीकडूनही ओळखू आली."

"मग तेव्हाच का नाही बोललात? तक्रार करायची होती माझी!"

"केली असती. पण नापास उमेदवाराने परीक्षकावर केलेला आरोप कोण खरा मानतं? तुम्ही स्वतः लिहून दिलं असतंत तरच उपयोग होता. म्हणून तुमच्याच हातात दिलं. वाटलं, आठ दिवस पुष्कळ झाले माणसाला." त्यांनी पत्राची घडी नीट केली. "काल पाच वाजेपर्यंत मी मुजावर मॅडमच्या कार्यालयात बसून होते."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चेहऱ्यावर राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"ते राहू द्या सर. मला पोटात घालायला सांगू नका, जमणार नाही. माझी जागा गेली ती गेली. आता एक सांगा, त्या गाईडमध्ये अशा रचलेल्या आणखी किती आहेत?"

"असतील चाळीसेक."

"कोणत्या कोणत्या ते लिहून द्या. सहा तालुके नाहीत तर नाहीत, माझ्या वर्गापुरतं तरी मला काढून टाकू दे. पंधरा जूनला शाळा सुरू होतेय."

त्यांनी पिशवीतून गाईड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. मी पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. सराई खोडली. आणखी पाच-सहा भराभर खोडल्या. मग हात मंदावला. एका पानावर बराच वेळ थांबलो, पुढच्या पानावर त्याहून जास्त.

दुपारपर्यंत सव्वीस खोडून झाल्या. बाकीच्या पानांवरून मी तीनदा फिरलो. काही कोशातल्या होत्या आणि काही स्टुलावर बसून केलेल्या, पण कोणत्या कुठल्या ते मला सांगता येईना. सगळ्याच खऱ्या वाटत होत्या.

"अजून चौदा राहिल्या, सर," बाई म्हणाल्या.

"आठवत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी गाईड उचलून पिशवीत टाकलं आणि गेल्या. मी जुलैत प्राचार्य झालो आणि पुढची नऊ वर्षं त्या खुर्चीत बसून शिक्षक घडवले. त्या चौदा कोणत्या, ते मला अजून आठवलेलं नाही.